लोफर : एका बिननाडीच्या बुटाचा शोध

आमच्या घरात ‘लोफर’ हा शब्द केवळ शिवी म्हणून ठाऊक होता. अण्णांनी साताऱ्याच्या एका शाळेत ३४ वर्षे गणित शिकवले आणि त्यांच्या कोशातली ती सर्वांत जहाल शिवी. गृहपाठ न करणारा तो आळशी, खोटे बोलणारा तो लबाड. पण शर्टाची वरची दोन बटणे उघडी टाकून एसटी स्टँडवर रेंगाळणारा, तो लोफर. अण्णा स्वतः रोज सकाळी सव्वादहाला पडवीतल्या बाकावर बसत, काळ्या बुटांच्या नाड्या बांधत, दोन्ही फासे सारखे झाले की नाही ते पाहत आणि मग सायकल काढत. निवृत्तीनंतर बँकेत जायचे असले तरी तेच बूट आणि तोच विधी.

दोन वर्षांपूर्वी ते न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले, सांधा बदलावा लागला. घरी सोडताना फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावले, “आजोबा, काही आठवडे कंबरेत काटकोनापलीकडे वाकायचं नाही.” अण्णा म्हणाले, “म्हणजे लघुकोन वर्ज्य.” बाईंना विनोद कळला की नाही कोण जाणे, पण त्यांनी पुढची सूचना दिली ती महत्त्वाची होती. मागून उघडी चप्पल किंवा सपाता नकोत, त्या पायातून निसटतात आणि माणूस पुन्हा पडतो. टाच बंद हवी, तळ न घसरणारा हवा, आणि पायात चढवताना खाली वाकावे लागता कामा नये.

पहिल्यांदा बाहेर जायची वेळ आली तेव्हा आई नाड्या बांधायला खाली बसली. अण्णांनी पाय मागे घेतला. “माझ्या पायाशी कुणी बसायचं नाही,” ते म्हणाले. त्या दिवशी ते बाहेर गेलेच नाहीत. पुढचे दोन महिनेही नाहीत.

हा लेख त्या दोन महिन्यांतून निघाला. बिननाडीचा, टाच बंद असलेला, पुरुषाने चारचौघांत घालावा असा बूट शोधायला मी निघालो, तेव्हा उत्तराचे नावच ‘लोफर’ असल्याचे कळले. ते अण्णांना कसे सांगावे, या विवंचनेत मी या बुटाचा इतिहास वाचू लागलो आणि वाचता वाचता त्यात गुंतलो.

शिवीचा बूट कसा झाला

‘लोफर’ हा शब्द अमेरिकी इंग्रजीत १८३०च्या दशकात रुळलेला दिसतो. अर्थ सरळ आहे : कामधंदा न करता इकडे तिकडे वेळ घालवणारा. तो नेमका कुठून आला याबद्दल कोशकारांचे एकमत नाही. तो हिंदुस्थानात आला तो मात्र गोऱ्यांसाठीच. ब्रिटिश अमदानीत नोकरी गमावलेले, जहाजावरून पळालेले, गावोगाव उसनवारी करत हिंडणारे युरोपीय येथे पुष्कळ होते आणि त्यांना लोफर म्हणत. राज्यकर्त्यांच्या इभ्रतीला बट्टा लावणाऱ्या या मंडळींच्या बंदोबस्तासाठी १८७४ साली सरकारने खास युरोपीय भटक्यांचा कायदा केला. पुढे शब्द आपल्याकडे मुरला आणि गोऱ्यांवरून उतरून आपल्याच उनाड पोरांच्या माथी बसला. १९७३ साली धर्मेंद्र आणि मुमताज यांचा ‘लोफर’ नावाचा हिंदी चित्रपट आला, तोवर तो कुणाला परका वाटत नव्हता.

बुटाला हे नाव मिळाले ते अमेरिकेत, १९३०च्या दशकात. नाडी बांधण्याइतकेही कष्ट न घेणाऱ्याचा बूट म्हणून. म्हणजे नावात थट्टा आधीपासूनच आहे. पण बुटाचा जन्म आळसातून झालेला नाही. तो कष्टकऱ्यांच्या गावात झाला.

फियॉर्डच्या काठावरून

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचे पाणी डोंगरांत खोलवर शिरते. त्या अरुंद खाड्यांना फियॉर्ड म्हणतात. अशाच एका फियॉर्डच्या काठी आउरलँड हे छोटे गाव आहे. तेथील निल्स त्वेरांगेर हा मुलगा वयाच्या तेराव्या वर्षी अमेरिकेला गेला, तेथे चांभारकाम शिकला आणि तरुणपणी गावी परतला. अमेरिकेतील मूळ रहिवासी एकाच कातड्यात पाऊल गुंडाळून वरून शिवत. त्या पादत्राणाला मोकॅसिन म्हणतात. नॉर्वेतल्या शेतकऱ्या-कोळ्यांचे घरगुती जोडेही याच जातकुळीचे होते. त्वेरांगेरने १९३०च्या सुमारास या दोहोंच्या वळणाचा एक बिननाडीचा बूट घडवला. आउरलँडच्या नदीत सामन मासा धरायला येणाऱ्या इंग्रज आणि अमेरिकी हौशी पाहुण्यांच्या नजरेत तो भरला आणि त्यांच्या सामानातून तो बाहेर पडला. आउरलँडमध्ये तो बूट आजही बनतो.

अमेरिकेतल्या मेन राज्यात विल्टन गावी जी. एच. बास ही १८७६ पासूनची बूट बनवणारी पेढी होती. तिने १९३६ साली या घडणीचा बूट बाजारात आणला आणि त्याचे नाव ठेवले ‘वीजन्स’. ‘नॉर्वेजियन्स’ या शब्दाची ती शेपटी. पावलावरून आडवी जाणारी चामड्याची पट्टी आणि त्या पट्टीत एक छोटी खाच, ही त्याची खूण. कॉलेजातील मुले या खाचेत एक सेंटचे नाणे खोचू लागली, म्हणून त्याला पेनी लोफर म्हणू लागले. अडीअडचणीला टेलिफोन करता यावा म्हणून नाणे ठेवत, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. मात्र त्या काळी अमेरिकेत सार्वजनिक फोनला पाच सेंटचे निकेलचे नाणे लागे. दोन बुटांतल्या दोन पेन्या टाकून फोन लागला नसता. नाणे चकाकते म्हणून खोचले असावे, हे अधिक संभवते. तरुणांच्या फॅशनला एवढे कारण पुरते.

लंडनची वाइल्डस्मिथ पेढी याहून जुना दावा सांगते. तिने १९२६ साली राजे सहावे जॉर्ज यांच्यासाठी घरात वापरायचा असा बूट केला, असे म्हणतात. यात एक बारीकशी दुरुस्ती हवी. १९२६ साली ते राजे नव्हते, ड्यूक ऑफ यॉर्क होते. गादीवर आले ते १९३६च्या डिसेंबरात. दोन्ही कथा शेजारी ठेवल्या तर एवढे दिसते, की नाडीला कंटाळलेली माणसे कोळ्याच्या झोपडीपासून राजवाड्यापर्यंत एकाच सुमारास होती.

जपानमधली हकीकत मला सर्वांत जवळची वाटते. तेथे घरात आणि शाळेतही बूट दाराशी काढून जातात. १९६५ साली जपानी छायाचित्रकार तेरुयोशी हायाशिदा यांनी अमेरिकी विद्यापीठांतील मुलांच्या पेहरावाची छायाचित्रे ‘टेक आयव्ही’ या पुस्तकात छापली आणि तेथील तरुणांना या वेषाचे वेड लागले. आज जपानी शाळकरी मुलामुलींच्या गणवेशात लोफर सर्रास दिसतो. कारण उघड आहे. ज्या समाजात दिवसातून दहादा उंबरठ्यावर पादत्राण काढायचे आणि घालायचे असते, त्याला नाडीचा बूट हा जाचच. आपण तरी वेगळे कुठे आहोत? देऊळ, दवाखाना, शेजाऱ्याची ओटी, किराणा दुकानाची गादी. आपल्या वहाणा, चढाव, पुणेरी लाल जोडा यांतल्या कशालाही नाडी नव्हती. नाडी आपल्याकडे साहेबाच्या बुटाबरोबर आली आणि कचेरीत, शाळेत, पोलिसांत मानाची होऊन बसली.

चार घराणी

दुकानात गेल्यावर शेकडो तऱ्हा दिसतात. पण मूळ घराणी चारच आहेत.

पहिले पेनी लोफरचे. आडवी पट्टी, खाच, वर कसलाही दागिना नाही. पँटवर, जीन्सवर, साध्या कोटावर हे चालते आणि पहिलाच जोड घ्यायचा असेल तर हाच घ्यावा.

दुसरे गोंड्याचे. पॉल लुकास या हंगेरीत जन्मलेल्या हॉलिवूड नटाला नाडीच्या टोकांना गोंडे असलेला एक जोड आवडला होता. तसेच काही घडवून द्या म्हणून त्याने कारागिरांना गळ घातली. ते काम मॅसॅच्युसेट्समधील आल्डन पेढीकडे गेले आणि तिने नाडीच काढून टाकून गोंडे तेवढे ठेवले. १९५०च्या सुमारास हा बूट बाजारात आला आणि वकील-बँकवाल्यांचा आवडता झाला. चार घराण्यांत कचेरीला सर्वांत शोभणारे हे.

तिसरे लगामाचे. फ्लॉरेन्सच्या गुच्ची पेढीने १९५३ साली पट्टीच्या जागी घोड्याच्या लगामातील धातूच्या कडीची छोटी प्रतिकृती बसवली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या वेषभूषा विभागात या बुटाचा समावेश आहे. लग्नसमारंभात हा खुलतो, पण धातू फार चकचकीत असेल तर बूट आधी दिसतो आणि माणूस मागून.

चौथे मोटार चालवण्याचे. मऊ चामडे आणि तळाला रबराच्या गाठी, म्हणजे पॅडलवरून पाय सरकत नाही. इटलीत १९६३ साली याचे पेटंट घेतले गेले. गाडीत उत्तम, रस्त्यावर मात्र त्या गाठी लवकर झिजतात. ज्याला रोज दोन-तीन किलोमीटर चालायचे आहे, त्याने याच्या वाटेला जाऊ नये. अण्णांच्या यादीतून हे घराणे पहिल्यांदा गळाले. ते फार मऊ, त्यामुळे टाचेला आधार देत नाही.

एक जव, दोन जव

आता माझी चूक सांगतो. अण्णांचे जुने बूट आठ नंबरचे. पुण्यातल्या एका दुकानात मी त्यांना घेऊन गेलो. आठ नंबरचा लोफर करंगळीपाशी चावू लागला. दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, नऊ देतो, मोकळा बसेल.” नऊ मोकळा बसला, आम्ही खूश झालो, घरी आलो. दुसऱ्या दिवशी पडवीची पायरी उतरताना डाव्या पायातला बूट टाचेपासून सुटला आणि अण्णांचा तोल गेला. चौकटीला हात लागला म्हणून निभावले. तळाला माती लागलेली असल्याने दुकानाने बूट परत घेतला नाही, आणि खरे तर चूक माझीच होती.

या चुकीमागचे गणित अण्णांनीच मांडले. इंग्रजी मापात एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंचाने, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढते. हे माप आले जवाच्या दाण्यावरून : तीन जव म्हणजे एक इंच, म्हणून एक नंबर म्हणजे एक जव. युरोपीय मापात एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, सुमारे पावणेसात मिलिमीटर. जव आपल्यालाही परका नाही. आपल्या जुन्या मोजमापात आठ यव म्हणजे एक अंगुळ. पण ही सगळी मापे लांबीची. अण्णांचा पाय लांब नव्हता, रुंद होता. रुंदीचे दुखणे मी लांबी वाढवून बरे करायला गेलो. नाडीच्या बुटात हे खपून जाते, कारण नाडी आवळून ढिलाई लपवता येते. लोफरमध्ये ती सोय नाही. पायाला धरून ठेवायला त्यात फक्त घडण असते.

आणि हे एकट्या अण्णांचे दुखणे नव्हे. चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मापे घेतली. भारतीयांची पावले सर्वसाधारणपणे युरोपीयांपेक्षा रुंद असल्याचे त्यातून दिसले. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापनपद्धती सुचवण्यात आली. आजवर आपण परक्या पायांच्या साच्यावर बेतलेले बूट घेत आलो, ते चावले की एक नंबर वाढवत आलो, आणि पाय मात्र आपलाच वाईट असे समजत आलो.

शाळेच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या मामांकडे मी तो नऊ नंबर घेऊन गेलो. त्यांनी अण्णांचे बूट तीस वर्षे शिवले आहेत. मी घरी घेऊन चला म्हटले, तेव्हा पेटी उचलून आले. अण्णांना चालायला लावले, तळाकडे न पाहता पट्टीकडे पाहिले आणि म्हणाले, “मास्तर, टाच मोठी न्हाई. वरनं ढिला हाय, म्हणून पाऊल फुडं पळतंय आन् टाच सुटतीय.” त्यांनी पट्टीखाली आतून नमद्याची जाड गादी चिकटवली. पाऊल मागे रेटले गेले आणि टाच भरली. मी टाचेत कापूस कोंबणार होतो. त्याने पाऊल आणखी पुढे ढकलले गेले असते. हा तात्पुरता इलाज, हेही मामांनीच सांगितले. “नवा घ्या, पर आठच. रुंद फर्म्याचा.” ज्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या पावलावर बूट ओढून घडवतात, तो फर्मा. बुटाचा नंबर लांबी सांगतो, फर्मा स्वभाव सांगतो.

त्यानंतर आम्ही जे नियम पाळले ते वाचकांच्या उपयोगी पडावेत. बूट संध्याकाळी घ्यावा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पायांवर उभे राहून पाहावे, कारण दोन पावले क्वचितच सारखी असतात. मोठ्या पावलाला बूट घ्यावा आणि लहान पावलाखाली गादी घालावी. नवा लोफर मिठीसारखा बसला पाहिजे. चामडे रुंदीत सैलावते, लांबीत नाही. म्हणून पंजाशी किंचित आवळ चालेल, पण अंगठा पुढे टेकत असेल तर तो कधीच सुधारणार नाही. चालताना टाच अगदी थोडी उचलली गेली तर घाबरू नये, तळ वाकू लागला की ती बसते. प्रत्येक पावलाला फटक फटक आवाज येत असेल तर मात्र तो जोड तिथेच ठेवावा. बुटाचा वरचा भाग पावलावर जितका वरपर्यंत येतो तितकी पकड चांगली. ज्यांचा तोल नाजूक आहे त्यांनी उथळ तोंडाचा लोफर घेऊच नये. आणि लांब दांड्याचा शूहॉर्न घरी असावा. उभ्याने बूट चढतो आणि टाचेचा काठ मोडत नाही.

तळाचेही पाहावे. नुसता चिकटवलेला तळ सुटला की बूट संपला. शिवलेला तळ झिजला तर बदलता येतो. आत हात घालून पाहिले आणि तळाच्या कडेने टाके लागले तर तो शिवलेला आहे असे समजावे. चामड्याचा तळ डौलदार दिसतो, पण ओल्या फरशीवर तो शत्रू आहे. आपल्या पावसात रबराचा तळच बरा.

ही शिवण कुणाची

रुंद फर्म्याचा आठ नंबर मिळाला, गडद तपकिरी, पेनी घराण्याचा. घरी आल्यावर अण्णांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. पंजाच्या वर नालाच्या आकाराची उंच शिवण असते, तीवरून बोट फिरवत त्यांनी विचारले, “हे टाके मशीनचे नाहीत. कुणी घातले?”

गणिताच्या मास्तरांचा प्रश्न. मला उत्तर माहीत नव्हते. आणि त्या एका जोडीपुरते आजही नाही. पण जे वाचले ते सांगायला हवे.

तमिळनाडूत पालार नदीच्या खोऱ्यात अंबूर नावाचे गाव आहे. आपल्याला ते बिर्याणीसाठी ऐकून माहीत असते. जगाला ते चामड्यासाठी माहीत आहे. तेथून आणि आसपासच्या गावांतून बूट आणि बुटांचे वरचे भाग परदेशांत जातात. मोकॅसिन पद्धतीची ती उंच शिवण जाड सुईने, दोरा जोर लावून ओढत घालावी लागते. हे काम कारखान्यात कमी आणि घरांत जास्त होते. मध्यस्थ कापलेले चामडे पिशव्यांतून आणून देतो, बाया स्वयंपाक उरकून ओसरीवर बसतात आणि शिवतात. २०१६ साली या बायांविषयी काही संस्थांनी मिळून एक अहवाल प्रसिद्ध केला. एका जोडीमागे बाईच्या हाती दहा पेन्सहूनही कमी येत होते, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने दहा रुपयांच्या आत; आणि तो जोड इंग्लंडच्या दुकानात चाळीस ते शंभर पौंडांना विकला जाई. बोटे, पाठ, डोळे दुखणे ठरलेले. भविष्यनिर्वाह निधी किंवा आजारपणाची रजा हे शब्द त्या ओसरीपर्यंत पोचलेले नव्हते. त्याच खोऱ्यातल्या चामडे कमावणाऱ्या कारखान्यांनी पालारचे पाणी इतके नासवले, की १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला प्रदूषण करणाऱ्याकडून भरपाई घेण्याचे तत्त्व सांगणारा निकाल द्यावा लागला. पर्यावरणाच्या कायद्यात तो आजही आधाराला घेतला जातो.

हे मी अण्णांना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत. आपल्या भाषेत ‘पायातली वहाण पायातच बरी’ अशी म्हण आहे. ती वहाणेविषयी नाही, माणसांविषयी आहे, हे शाळेत कुणी शिकवावे लागत नाही. पायाशी बसून काम करणाऱ्याला आपण पायाशीच ठेवले. मामांची पेटी आमच्या पडवीत प्रथमच आली ती अण्णा पडले म्हणून. तीस वर्षांत आम्हीच बूट घेऊन कोपऱ्यावर जात होतो. त्या दिवशी चहा झाला. तो आधी कधी का झाला नव्हता, याचे उत्तर माझ्याकडे आहे आणि ते सांगताना मान वर राहत नाही.

२०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन पेढीने कोल्हापुरीसारख्या चपला मंचावर आणल्या, तेव्हा नाव कोल्हापूरचे घेतले नाही. येथे ओरड झाल्यावर तिने भारतीय हस्तकलेचे ऋण मान्य केले. संताप योग्यच होता. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे; महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले चामडे, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीची शिवण. पण त्या संतापात मी स्वतःला विचारले : नाव न घेणाऱ्या पेढीला मी दोष देतो, आणि माझ्या पायातला बूट कुणी शिवला हे मी कधी दुकानात विचारले आहे का? नॉर्वेचे नाव निदान ‘वीजन्स’च्या शेपटीत उरले. अंबूरच्या ओसरीचे नाव बुटात कुठेच नाही.

यावर सोपा उपाय माझ्याजवळ नाही. बूट न घेण्याने त्या बाईचे दहा रुपयेही जातील. मला जमण्यासारखे एवढेच दिसते : एकच जोड घ्यावा, शिवलेल्या तळाचा घ्यावा, कोपऱ्यावरच्या कारागिराकडून पुन्हा पुन्हा दुरुस्त करून दहा वर्षे वापरावा, दुरुस्तीचे पैसे घासाघीस न करता द्यावेत, आणि विकणाऱ्याला दर वेळी विचारावे, हा कुठे शिवला? पुष्कळ जण विचारू लागले तर दुकानदाराला उत्तर शोधावे लागेल.

कशावर काय

लोफर घेतला तरी तो कशावर घालावा, याचे शहाणपण वेगळे. नाडीच्या बुटावर पँटची घडी पडली तरी चालते. लोफरवर ती पडली की बुटाचे तोंडच झाकते. म्हणून पँटचा काठ बुटाला जेमतेम टेकावा किंवा बोटभर वर असावा. पायघोळ पँटखाली लोफर बुडून जातो. काळा लोफर कोटासूटावर, तपकिरी बाकी सर्वांवर. पहिला जोड तपकिरीच बरा. पट्टा आणि बूट एकाच रंगाच्या कुळातले असावेत, हुबेहूब सारखे नसले तरी चालतात. झब्बा-सुरवारीवर, बंडीवर साधा लोफर नाडीच्या बुटापेक्षा कितीतरी बरा दिसतो. धोतरावर मात्र नाही. तिथे कोल्हापुरीला पर्याय नाही.

बिनमोज्याचा लोफर चित्रांत छान दिसतो. मुंबईच्या दमट हवेत तासाभरात आत तळे साचते. मग चामडे कुजते आणि दाराशी बूट काढल्यावर यजमानाला उदबत्ती लावावी लागते. बुटाबाहेर न दिसणारे आखूड सुती मोजे मिळतात, ते घालावेत. कचेरीत पूर्ण मोजे, पँटच्या रंगाचे. एकच जोड सलग दोन दिवस घालू नये. चामड्याला सुकायला एक दिवस लागतो. भिजला तर उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नये, तडे जातात. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवावा. मखमलीसारखे मऊ उलट्या बाजूचे चामडे, ज्याला स्वेड म्हणतात, ते दसऱ्यानंतर बाहेर काढावे आणि पहिल्या वळवाआधी कपाटात ठेवावे.

गेल्या मार्गशीर्षात अण्णांच्या शाळेत १९८९च्या दहावीच्या तुकडीचा मेळावा होता. अण्णा गेले. सभागृहात सतरंजी अंथरलेली, बूट बाहेर काढायचे. पन्नाशीचा एक गृहस्थ धावत आला. एकेकाळी एसटी स्टँडवर रेंगाळणारा, अण्णांच्या शिवीचा कायमचा धनी. आता त्याचा तालुक्याला हार्डवेअरचा धंदा आहे. सरांचे बूट काढायला तो खाली वाकला. “राहू दे रे,” अण्णा म्हणाले आणि काठीला टेकून, उभ्यानेच, एकामागून एक दोन्ही बूट पायातून सरकवून त्यांनी भिंतीशी लावले. तो पाहत राहिला. मग बुटांकडे बोट दाखवून हसला.

“सर, तुम्ही? लोफर?”

“हो,” अण्णा म्हणाले, “पण गृहपाठ करून घेतलेत.”